दोन पंचे आणि एक पाठपिशवी: प्रवासात सुती पंचा कसा वापरावा

पुण्याहून रात्रीच्या गाडीने कोकणात निघाले होते. निघण्याआधी घाईत अंघोळ उरकली आणि अंग पुसलेला पंचा तसाच पिशवीत कोंबला. गाडी वातानुकूलित होती. ताम्हिणी संपता संपता गारठा असा वाजायला लागला, की काहीतरी अंगावर घ्यावे म्हणून पिशवीत हात घातला. हाताला लागला तो थंडगार, ओला गोळा. शेजारच्या आजी बघत होत्या. म्हणाल्या, "एक पुसायला आणि एक पांघरायला, असे दोन नाही का घ्यायचे?" आणि त्यांच्या थैलीतून दुसरा काढून माझ्या मांडीवर टाकला.

पंचाचे शंभर उपयोग सांगणारे पुष्कळ भेटतात. उपयोग खरेच आहेत. अडचण एवढीच, की पंचा एका वेळी एकच काम करतो. ओला झाला की पांघरता येत नाही, त्यावर जेवायला बसलो की त्याने तोंड पुसता येत नाही. म्हणून पंचा कसा निवडायचा आणि कसा बांधायचा हे तर इथे आहेच, पण कोणते काम आधी आणि कोणते नंतर, हेही आहे. माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

कोणता पंचा

पंचा म्हणजे मूळचे पाच हातांचे वस्त्र. हात साधारण ४५ सेंटिमीटरचा धरला तर सव्वादोन मीटर. आता दुकानात "पंचा" म्हटले की बहुधा अंग पुसायचा आखूड कपडा पुढे येतो, त्यामुळे माप सांगूनच मागा. गांधीजींनी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईला अंगावरचे बाकीचे कपडे सोडून पंचा नेसायला सुरुवात केली. पुढे १९४२ ते १९४४ आगाखान पॅलेसमध्ये ते बंदिवासात होते तेव्हाही वेष तोच. कमरेला एक आणि खांद्यावर एक. म्हणजे दोन पंचांचा हिशेब काही मी शोधून काढलेला नाही.

माझी शिफारस अशी: एक मोठा, दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद. एक लहान, सव्वा मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद. मोठा कोरड्या कामांसाठी, लहान ओल्या कामांसाठी. रंग वेगवेगळे घ्या, म्हणजे अंधारात, झोपेत गफलत होत नाही.

वजनाचा हिशेब करून बघा. पंचाचे पातळ सुती कापड चौरस मीटरला १०० ग्रॅमच्या आसपास भरते. मोठा पंचा दोन चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे २०० ग्रॅम. घरातला मऊ, लुसलुशीत टॉवेल चौरस मीटरला ४००-५०० ग्रॅमचा असतो. तो आकाराने निम्मा असूनही वजनाला दुप्पट पडतो, आणि एकदा ओला झाला की दुसऱ्या दिवशीही ओलाच. त्याच्या फासांमध्ये पाणी धरून ठेवायची सोय असते. घरी तो गुण, प्रवासात ती कटकट.

मग लुंगी का नको? चालेल की. लुंगी शिवून गोल केलेली असेल तर मात्र शिवण उसवून सपाट करा. गोल कपड्याला चार टोके नसतात, आणि निम्मी कामे टोकांवर चालतात. ओढणी जॉर्जेटची असेल तर घरी ठेवा. पूजेच्या सामानाच्या दुकानातले जरीकाठी उपरणेही नको. ते दिसायला छान, पण दोनदा पिळले की काठ आखडतो आणि मधले कापड फुगते. हल्ली मायक्रोफायबरचे टॉवेल मिळतात. ते लवकर वाळतात हे कबूल, पण कृत्रिम धाग्याचे असल्यामुळे चुलीजवळ वितळतात, आणि पांघरले तर अंगाला चिकटल्यासारखे वाटते.

दुकानात काय बघायचे

रविवार पेठेत कापडगंजाच्या आसपास किंवा तुळशीबागेत फिरलात तर हवा तसा मिळून जाईल. सोलापुरी आणि इचलकरंजीचा माल पुण्यात भरपूर येतो. दुकानदार आधी मऊ आणि जाड दाखवेल. "प्रवासाला हवाय, पटकन वाळणारा" असे सांगा.

हातात घेतल्यावर पंचा उजेडासमोर धरा. पलीकडचा माणूस अंधुक दिसला पाहिजे, चेहरा ओळखू येता कामा नये. एवढा पातळ वाळायला चांगला आणि नेसायलाही लाज राखणारा. मग दोन्ही अंगठ्यांनी विणीवर आडवा ताण द्या. धागे सरकून फट पडली तर वीण सैल आहे, गाठीपाशी लवकर फाटेल. काठ बघा. मागावरचा मूळचा काठ दोन्ही लांब बाजूंना असावा. कापून शिवलेला असेल तर शिवण आधी जाते. दशा, म्हणजे टोकांना सोडलेले धागे, असतील तर त्या पिळून गाठ मारलेल्या हव्यात. मोकळ्या दशा चेनमध्ये, काट्यात, सगळीकडे अडकतात.

शंभर टक्के सुती आहे का, हे लेबलपेक्षा धागा जास्त खरे सांगतो. दशेतला एक धागा काढून दुकानाबाहेर काडीने पेटवा. सूत कागदासारखे जळते आणि मऊ राख पडते. पॉलिएस्टर आक्रसून वितळते आणि टोकाला कडक मणी धरतो. रंगीत असेल तर ओला पांढरा रुमाल जोरात घासून बघा. रुमालावर रंग आला तर तो पंचा तुमच्या शर्टाला, मानेला आणि लॉजच्या चादरीलाही रंगवणार.

पहिली धुलाई

नवा पंचा थेट पिशवीत टाकू नका. त्याला खळ असते, आणि खळ असेपर्यंत तो पाणी टिपत नाही, नुसते इकडचे तिकडे सारवतो. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सकाळी साबणाने धुवा, उन्हात वाळवा. असे तीन-चारदा. पांढरा असेल तर एकदा गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून काढला की काम लवकर होते. या धुलाईत तो थोडा आटेल, म्हणून विकत घेताना चार बोटे जास्तच घ्या. रंगीत कपडा मिठाच्या पाण्यात बुडवला की रंग पक्का होतो असे घरोघरी सांगतात. एकदा रंगवून झालेल्या कपड्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. पहिल्या काही वेळा वेगळा धुवा, तेवढे पुरे.

कपडा मऊ करणाऱ्या सॉफ्टनरमध्ये बुडवायचा मोह आवरा. धाग्यावर थर बसतो आणि टिपण्याचा गुण जातो.

एक गाठ नीट शिका

सुरगाठ ओढली की सुटते, निरगाठ ओढली की आवळते आणि मग दाताने सोडवावी लागते. प्रवासात या दोन्हींच्या मधली हवी: ओझ्याला धरणारी, तरी सुटणारी. डाव्या हातातले टोक उजव्यावरून घालून पहिली अढी घ्या. मग जे टोक आता उजवीकडे आले आहे ते डाव्यावरून घालून दुसरी अढी घ्या. गाठ सपाट आणि दोन्ही बाजूंनी सारखी दिसली तर बरोबर. वेडीवाकडी, आडवी पडली तर दोन्ही अढ्या एकाच दिशेने घेतल्या आहेत, ती सरकणार. सोडवताना एक टोक आणि त्याचाच पलीकडचा भाग विरुद्ध दिशांना ताणा, गाठ मोकळी होते. घरी दाराच्या कडीला पंचा लावून वीसेकदा केली की बसमध्ये, अंधारात, झोपेतही जमते.

या एका गाठीवर पुढचे बहुतेक सगळे चालते.

*गाठोडे.* मोठा पंचा दुमडून एक मीटरचा चौकोन करा. वस्तू मधोमध ठेवा. समोरासमोरची दोन टोके वस्तूंवर घट्ट बांधा, उरलेली दोन त्यावरून सैल बांधली की हात घालायला मूठ तयार. बाजारात अचानक दोन किलो आंबे घेतले जातात तेव्हा हे कामाला येते.

*चुंबळ.* लहान पंचा लांबट पिळून वेटोळे करा आणि टोक आत खोचा. डोक्यावर ओझे घ्यायची वेळ शहरात येत नाही, पण माणसाला काय काय उचलावे लागेल सांगता येत नाही. वारीत डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया पुण्याहून दिवे घाट चढून सासवडला जातात, त्या वाटेवर चुंबळीची किंमत कळते. पाठपिशवीचा पट्टा खांद्याला काचत असेल तर हीच चुंबळ अर्धी उलगडून पट्ट्याखाली सरकवा.

*कपडे बदलण्याचा आडोसा.* बायकांसाठी हे मला सर्वांत मोलाचे वाटते. नदीकाठी, समुद्रावर, किंवा कडी नसलेल्या मोरीत. मोठा पंचा पाठीमागून दोन्ही काखांखालून पुढे आणा. वरची दोन टोके छातीवर एकमेकांना ओलांडून मानेमागे न्या आणि तिथे गाठ मारा. छातीपासून गुडघ्यापर्यंत झाकले जाते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. आता आतले ओले कपडे उतरवा, कोरडे चढवा, शेवटी गाठ सोडा. उघडी बाजू पुढे येते, म्हणून तोंड भिंतीकडे ठेवा. घरी आरशासमोर एकदा करून बघा. तुमच्या अंगाला दोन मीटर पुरतात की सव्वादोन लागतात ते तेव्हाच समजेल.

*कमरेला.* पुरुषांनी लुंगीसारखा नेसावा. टोक आत खोचून पिळा, वरची किनार एकदा बाहेर दुमडा. कनवटीला पैसे ठेवायची जुनी पद्धत आहे, पण पातळ पंचाच्या कनवटीवर मी दहाच्या नोटेपलीकडे भरवसा ठेवणार नाही. तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात पुरुषांना मुंडू, म्हणजे केरळी धोतर, नेसूनच जावे लागते. तिकडे जाणार असाल तर मोठा पंचा पांढराच घ्या. गुरुद्वारात डोके झाकायला लहान पुरतो, फक्त तो त्या दिवशी कोरडा आणि स्वच्छ असला पाहिजे.

उन्हात

पुण्याच्या एप्रिलमध्ये ओला पंचा डोक्यावर घेतला की गारवा वाटतो, कारण पाणी उडताना अंगातली उष्णता घेऊन जाते. हवा कोरडी तितके हे छान चालते. सोलापूरकडे उत्तम, कोकणात मात्र हवाच दमट, त्यामुळे तिथे ओला पंचा नुसता जड आणि चिकट होतो. हेच तत्त्व बाटलीला लावा. बाटलीभोवती लहान पंचा ओला करून गुंडाळा, एसटीच्या खिडकीपाशी वारा लागेल अशी ठेवा, अधूनमधून शिंपडत राहा. माठासारखे थंड नाही, पण पिण्याजोगे पाणी राहते.

पातळ पांढरा कपडा ऊन पूर्ण अडवतो असे मात्र समजू नका. बराचसा प्रकाश आत येतो, आणि ओला झाल्यावर आणखी येतो. मानेवर दुहेरी घडी घ्या, गडद रंग असेल तर जास्त चांगले.

दुचाकीवर तोंडाला स्कार्फ बांधणे पुण्यात कोणाला शिकवायला नको. तरी एक सांगते. टोके मोकळी सोडू नका, शर्टाच्या आत खोचा. १९२७ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात इसाडोरा डंकन ही नामवंत नर्तिका गळ्यातला लांब स्कार्फ मोटारीच्या चाकात अडकून गेली. आपल्याकडे मागे बसणाऱ्यांच्या ओढण्या चाकात जातात. हेल्मेटखाली बांधायचा तर गाठ मानेपाशी, डोक्याच्या मागे कधीच नाही. हेल्मेट नीट बसत नाही. आणि कापड धूळ अडवते, धूर अडवत नाही.

पाणी गाळताना

अमेरिकी शास्त्रज्ञ रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या खेड्यांत जुन्या सुती साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळून प्यायला लावले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पटकीचे (कॉलऱ्याचे) प्रमाण ४८ टक्क्यांनी घटलेले आढळले. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून राहतात आणि ते जीव कापडात अडकतात. यासाठी जुनाच कपडा बरा, कारण धुऊन धुऊन धाग्यांना लव सुटते आणि भोके बारीक होतात. पण निम्मे कमी म्हणजे निम्मे शिल्लक. गडावरच्या टाक्याचे पाणी पंचाच्या चार-आठ पदरांतून गाळा, आणि मग उकळा किंवा क्लोरीनचे थेंब टाका. गाळायचा कपडा अंग पुसायचा नसावा, हे वेगळे सांगायला नको.

दिवसाचा क्रम

राजगडावर मुक्कामाला जाता यायचे (२०२२ पासून तिथे रात्री राहायला बंदी आहे), तेव्हाचा दिवस धरू. गुंजवण्यातून चढायचे, पद्मावती माचीवर रात्र काढायची.

मोठा पंचा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पाठपिशवीच्या तळाशी. चढताना तो बाहेर काढायचा नाही, कितीही मोह झाला तरी. लहान खांद्यावर. घाम त्यानेच टिपायचा, पाऊस आला तरी भिजेल तो लहानच. पावसाळ्यात वर थंड वारा सुटतो आणि अंगावरचा ओला सुती कपडा ऊब देण्याऐवजी काढून घेतो. वर पोचलात की आधी अंग पुसा, कोरडे कपडे चढवा, मग मोठा बाहेर काढा.

दुपारी मोठा अंथरायचा असेल तर कोणती बाजू खाली, ते ठरवून ठेवा. मी एका कोपऱ्यात लाल धाग्याचा टाका घातला आहे. टाका दिसतो ती बाजू अंगाची, उलटी जमिनीची. जेवण ठेवायचे ते लहान पंचावर नाही आणि मोठ्याच्या जमिनीच्या बाजूवरही नाही.

संध्याकाळी लहान पिळून बाहेर वाळत घाला. टोके दगडाखाली ठेवा, माचीवरचा वारा पंचा घेऊन थेट वेल्ह्याला जाईल. रात्री मोठा पांघरा. तो ब्लँकेट नाही, पण झोपायच्या पिशवीच्या आत अंगाला लागून घेतला तर पिशवी घामाने खराब होत नाही आणि थोडी ऊबही वाढते. उशी हवी तर स्वेटर लहान पंचात गुंडाळा, वाळला असेल तर. नसेल तर बूट उशाला घ्यायची वेळ येते, मी घेतले आहेत.

सकाळी उतरताना लहान अजून ओलसर असेल तर पाठपिशवीच्या मागे पसरून पट्ट्यांनी अडकवा. चालता चालता वाळतो. घडी घालून आत कोंबला तर गुंजवण्यापर्यंत त्याला असा वास येतो, की गाडीत शेजारी कोणी बसत नाही.

दुखापत झाली तर

हात मुरगळला किंवा हाड मोडल्याची शंका आली तर मोठा पंचा लांबीतच दुमडून रुंदी निम्मी करा, मधल्या झोळीत कोपरापासून बोटांपर्यंत हात ठेवा, दोन्ही टोके मानेकडे न्या. पंजा कोपरापेक्षा जरा वर असावा. गाठ मणक्यावर न मारता मानेच्या बाजूला मारा, नाहीतर उतरताना तीच टोचत राहते. जखमेतून रक्त येत असेल तर स्वच्छ पंचाची घडी ठेवून हाताने सतत दाबून धरा. दर मिनिटाला उचलून "थांबले का" बघू नका.

साप चावला तर पंचा घट्ट आवळून बांधायचा नाही. आवळल्याने हातापायाचा रक्तपुरवठा तुटतो आणि नुकसान वाढते. चावलेला भाग काठीला सैल बांधून हलणार नाही असा ठेवा, माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा. प्रतिविष दवाखान्यातच मिळते.

एवढे करू नका

ओल्या पंचाने चुलीवरचे भांडे उचलू नका. पाण्यातून उष्णता झटक्यात हाताला पोचते, वाफेने भाजते. कोरड्याची चौपदरी घडी घ्या. पंचे एकमेकांना बांधून कड्यावरून उतरण्याची कल्पना सिनेमात शोभते, ती तिथेच राहू द्या. रेल्वेत दोन बर्थच्या मध्ये बाळाची झोळी बांधताना लोक दिसतात. त्याला जाड साडी लागते, पातळ पंचा गाठीपाशी हळूहळू विरतो आणि ते वरून दिसत नाही.

धुणे आणि वाळवणे

लॉजवर पोचल्या पोचल्या लहान पंचा धुवा, झोपताना नाही. पिळून झाल्यावर मोठा कोरडा पंचा पसरा, त्यावर लहान ठेवा, दोघांची गुंडाळी करून तिच्यावर गुडघ्याने दाबा. उरलेले पाणी मोठ्यात जाते. लहान तासा-दोन तासांत वाळतो, आणि मोठ्याला आलेली ओल रात्रीपर्यंत पंख्याखाली उडून जाते. इथे मोठ्याचा नियम मोडतो हे मला ठाऊक आहे. म्हणूनच हे दुपारी करा, संध्याकाळी सातनंतर नाही. वाळत घालताना दोरीवर दुहेरी टाकू नका, काठाला धरून एकेरी पसरा.

कुबट वास गेला नाही तर घरी आल्यावर सोड्याच्या पाण्यात दहा मिनिटे उकळा. रंगीत असेल तर नुसत्या कडक उन्हात दोन दिवस.

रोज वापरलेला पंचा मधूनच आधी विरतो, काठाकडचा भाग शाबूत राहतो. तो विरला की कात्रीने तीन भाग करते. काठाकडच्या दोन पट्ट्या डब्याभोवती गुंडाळायला आणि ताट पुसायला. मधला लव सुटलेला तुकडा गरम पाण्यात उकळून वेगळ्या पिशवीत, पाणी गाळायला.